ठाण्यात २५, चाळीत १२: भाऊबीजेच्या ताटावरचं भांडण

रांगडा_नाशिककर

भाऊबीजेला गावी गेलो होतो. गाव निफाड तालुक्यात. मी स्वतः सोळा वर्षं झाली नाशकात, पाथर्डी फाट्याला राहतो, अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. शेती धाकटा भाऊ बघतो. वडील गेल्यापासून हिशोबाची वही मात्र माझ्याकडे आहे. तो फोनवर आकडे सांगतो, मी लिहितो.

ताई आणि दाजी ठाण्याहून आले होते. ओवाळणं झालं, पंगत बसली. भावानं बुक्कीनं कांदा फोडून सगळ्यांच्या ताटात टाकला. दाजी सहज म्हणाले, "यंदा कांदा बरा आहे बाबा. आमच्याकडे पंचवीसनं मिळतो. मागे ऐंशीला गेला होता तेव्हा फार वैताग झाला." भाऊ काही बोलला नाही. ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवून हात धुवायला उठला. त्याच्या मागे ताई गेली, ताईच्या मागे आई. मी आणि दाजी ताटावर, समोर फोडलेला कांदा.

दाजी वाईट माणूस नाही. घराचा हप्ता आहे, पोरीची बारावी आहे, लोकलला लोंबकळून जातो-येतो. त्याला कांदा म्हणजे पिशवीतला कांदा, त्याची चूक नाही. पण भाऊ कांदा साठवायच्या ज्या चाळीपाशी जाऊन उभा राहिला होता, तिथून खालून पाणी सुटलेलं दिसत होतं. वास जेवायच्या ओट्यापर्यंत येत होता. पाहुण्यांना वास येतोय हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

आता वही. दोन एकर उन्हाळ कांदा. उळं (कांद्याचं बी), मशागत, लागवड, खतं-फवारे, काढणी, पात कापणं, चाळीत भरणं सगळं धरून एकरी ८५ हजार, म्हणजे १ लाख ७० हजार. माल निघाला २३० क्विंटल. मजुरांचे आणि दुकानदाराचे पैसे द्यायचे म्हणून ६० क्विंटल एप्रिलमध्येच १००० च्या भावानं काढला. बाकी १७० चाळीत. पावसाळ्यात दोनदा चाळ फोडून ८५ विकला, सरासरी १२०० पडला. उरले ८५, असं वही म्हणते. चाळ म्हणते ४५. बाकीचा वजनात गेला, कोंबात गेला, काजळीत गेला आणि जे पाणी मी पाहिलं त्यात गेला. हे ४५ क्विंटल हजाराच्या भावानं जरी गेले तरी सगळे मिळून २ लाख ७ हजार. खर्च वजा जाता ३७ हजार. वर्षभराचे, दोन माणसांचे.

म्हणजे बुडाला नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण कांद्यावरच्या चर्चेत एक तर शेतकरी फास घेतो नाहीतर बंगला बांधतो. मधला शेतकरी कुणी लिहीतच नाही.

माझं म्हणणं भावाबद्दल नाहीच मुळी. वहीची मागची पानं चाळली. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबरला थेट बंदी, ३१ मार्चपर्यंत. मार्चमध्ये ती मुदत आणखी वाढली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिलं. १३ सप्टेंबरला अट गेली, शुल्क २० वर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. वीस महिन्यांत सात वेळा. उन्हाळ कांद्याचं उळं टाकल्यापासून चाळ रिकामी होईपर्यंत वर्ष जातं. म्हणजे डाव एकदा मांडायचा आणि तो संपायच्या आत समोरच्यानं चार वेळा नियम बदलायचे.

मी भाववाढ मागत नाहीये. शहरात राहतो, मीही किलोनंच घेतो (हो, घेतो, दर वेळी गावाहून पिशवी आणवत नाही). मला एवढंच विचारायचंय: भाव चढला की सरकार आठवड्यात हलतं, उतरला की हलत नाही, असं का? आणि आपण शहरातले लोक त्यात कुठे आहोत?

सातपूर_कॉलनी

दादा, मनापासून लिहिलंय तुम्ही. पण दाजींची बाजू मी मांडते, त्यांना कुणीतरी हवंच.

माझे मिस्टर सातपूरला कॉन्ट्रॅक्टवर आहेत. अकरा महिने झाले की ब्रेक, मग परत नवा कागद. कंपनी तीच, मशीन तेच, ठेकेदार दुसरा. पगारवाढ हा शब्द आमच्या घरात शेवटचा कधी उच्चारला आठवत नाही. महिन्याला सहा किलो कांदा लागतो. २५ नं दीडशे, ८० नं चारशे ऐंशी. तीनशे तीस रुपयांचा फरक. लोक म्हणतात पिझ्झा खाता, सिनेमाला जाता, मग कांद्याला का रडता? आम्ही पिझ्झा खात नाही हो. कांदा वाढतो तेव्हा टोमॅटो, लसूण, डाळ काहीतरी बरोबर वाढलेलंच असतं, तो एकटा कधी येत नाही.

सरकारनं भाव खाली ठेवला की मला बरं वाटतं, हे मी खोटं कशाला बोलू. फक्त मला हे माहीत नव्हतं की माझ्या वाटणीचे तीनशे तीस तुमच्या भावाच्या चाळीतून निघतात. मला वाटायचं मधले व्यापारी खातात, ते थोडे कमी खातील.

उळं_डोंगळे

ताई, तुम्ही तरी खरं बोललात.

रांगडा भाऊ, तुमचा ३७ हजार नफा खोटा आहे. चांदवडचा आहे म्हणून बोलतो, राग मानू नका. भावजय किती दिवस खुरपायला होती? रात्रीच्या लाइटीला पाणी कुणी भरलं? जमीन वाट्यानं दिली असती तर काय आलं असतं? सोसायटीच्या कर्जाचं व्याज? कृषिमूल्य आयोगाकडं याला नावं आहेत. हातचा खर्च म्हणजे ए२, त्यात घरच्यांची मजुरी धरली की ए२ अधिक एफएल, आणि जमिनीचा खंड, भांडवलाचं व्याज धरलं की सी२. तुम्ही ए२ वर थांबून नफा काढला. सी२ ला गेलात की भाऊ तुमचा तोट्यात आहे. आणि हा सगळा हिशोब तरी कशासाठी? हमीभाव जाहीर होतो त्या २२ पिकांत कांदा नाहीच.

दुसरं, २०१८ विसरू नका. निफाडच्याच एका शेतकऱ्यानं ७५० किलो कांद्याचे आलेले १०६४ रुपये पंतप्रधान मदत निधीला मनीऑर्डर केले होते. मनीऑर्डरचा खर्च वेगळा, ५४ रुपये. दिल्लीपर्यंत गाजलं. मग काय झालं? काही नाही.

आकडेमोड

दोन गोष्टी.

किरकोळ महागाईचा निर्देशांक २०२५ पर्यंत २०१२ ची किंमत आधार धरून काढायचे. त्यात खाण्यापिण्याचा वाटा जवळजवळ ४६ टक्के, भाज्यांचा साधारण ६, आणि एकट्या कांद्याचा ०.६४ होता. म्हणजे शंभर रुपयांत चौसष्ट पैसे. एवढ्याशा वस्तूवरून सरकारं का घाबरतात? कारण कांद्याचा भाव दुप्पट-तिप्पट होतो, तांदळाचा होत नाही. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेला ४ टक्के महागाईचं उद्दिष्ट आहे, खाली-वर दोन टक्क्यांची मुभा. व्याजदर वाढवून काही कांदा स्वस्त होत नाही, पावसानं गेलेलं पीक बँक आणू शकत नाही. मग हातात उरतं काय? निर्यात अडवणं. एका अधिसूचनेचं काम, तिजोरीतून दमडी जात नाही. उलट भाव पडल्यावर मदत करायची तर पैसे मोजावे लागतात. २०२३ च्या सुरुवातीला भाव कोसळला तेव्हा राज्य सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, तेही एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. ते जाहीर व्हायला, याद्या व्हायला, सातबाऱ्यावर पीकपेरा आहे की नाही यावर भांडायला किती महिने गेले ते इथल्या लोकांना माहीत आहे.

तुमच्या 'असं का' चं उत्तर माझ्या मते एवढंच. एक उपाय फुकट आहे आणि एक विकत.

आणि हो, कांद्यानं सरकार पडतं ही भीती जुनी आहे. १९८० ला इंदिरा गांधींनी प्रचारात कांदा आणला होता, १९९८ ला दिल्लीत भाजपचं सरकार कांद्याच्या भावानं गेलं असं आजही म्हणतात. दिल्लीत ग्राहकाच्या रागानं गेलं. शेतकऱ्याच्या रागानं काय गेलं ते शोधायला लागतं.

दिंडोरी_रोड

शोधायला कशाला लागतं साहेब, दिंडोरी लोकसभा २०२४. मतदान २० मे ला. त्याआधी २०२३ च्या ७ डिसेंबरच्या रात्री बंदीचा कागद निघाला, आठवडाभरात लाल कांदा निम्म्यावर आला. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २००० टन निर्यातीची परवानगी दिली, इकडं बोंब झाली, मग दोन दिवसांत ९९,१५० टनांचा आकडा आला, बांगलादेश-श्रीलंका-दुबई वगैरे सहा देशांसाठी. इथल्या पारावर पोरंसुद्धा म्हणत होती की हा आकडा नवा नाहीये, आधी दिलेल्या परवानग्यांची बेरीज आहे. ४ मे ला बंदी उठवली, पण मतदार वेडा नसतो. भाजपच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, विरोधातले भास्कर भगरे सर निवडून आले. शेजारी नाशिकलाही राजाभाऊ वाजे आले.

आकडेमोड

आणि सहा महिन्यांनी? विधानसभेला नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीच्या. मालेगाव मध्य तेवढी एमआयएमची. तोच जिल्हा, तोच कांदा, २० टक्के शुल्क तेव्हाही होतंच.

दिंडोरी_रोड

मध्ये लाडक्या बहिणीचे १५०० रुपये आले ना खात्यात. आमच्या मळ्यात तिघीजणी, महिन्याला साडेचार हजार. आई म्हणाली, कांद्याचं तू बघ, हे माझ्या नावावर आलंय. काय बोलणार.

सातपूर_कॉलनी

आईंचं बरोबर आहे. कांद्याच्या विक्रीची पट्टी कुणाच्या नावानं निघते तेही सांगा की.

दिंडोरी_रोड

बापाच्या. गप्प बसतो.

व्यवस्थापक

पक्षांवरून भांडण सुरू होतंय असं वाटल्यास धागा वाचनमात्र होईल. आतापर्यंत छान चाललंय, तसंच राहू द्या.

खळ्यावरचा

मी पिंपळगावला कांद्यात आहे. व्यापारी म्हटलं की इथं दगड येणार हे धरूनच लिहितो.

१२ चा २५ कसा होतो ते कुणी विचारलंच नाही, सगळे 'मधले खातात' म्हणून मोकळे. लिलावात १२ नं घेतला. ट्रॉली खळ्यावर खाली केली, बायका निवडायला बसल्या. वरचा थर डबल पत्ती म्हणजे चांगला माल, खाली गोल्टी (बारीक), जोड, खाद (खराब). दहा टक्के तिथंच बाजूला पडतो, त्याला वेगळा भाव, कधी भावच नाही. बारदान, भराई, शिलाई, हमाली, बाजार फी, मग ट्रक. वाशीला उतरेपर्यंत सोळा-सतरा पडलेला असतो. वाटेत पाऊस लागला, ट्रक एक दिवस अडकला, तर गोणीला पाणी सुटतं. तिथला आडत्या, त्यावर किरकोळवाला. त्याच्या गाडीवरही रोज दोन-तीन किलो सडतो. २५ होतो. मी त्यात किती मिळवतो? चांगल्या दिवशी किलोला पन्नास पैसे ते रुपया. पण दिवसाला दोन-तीन ट्रक, त्यामुळं माझं पोट तुमच्या भावापेक्षा बरं भरतं, हे खरं आहे. नाकारत नाही.

माझा धोका वेगळा आहे. १४ सप्टेंबर २०२० ला बंदी आली तेव्हा माझ्या ओळखीच्यांचे ट्रक बांगलादेश सीमेवर घोजाडांग्याला रांगेत होते. कागद आला की गेट बंद. माल तिथंच सडला, काही परत फिरवून कोलकात्यात मिळेल त्या भावानं टाकला. न्हावा शेव्याला कंटेनर अडकले. त्यानंतर समोरचा गिऱ्हाईक मला काय म्हणतो? "तुमच्या देशाचा भरवसा नाही." तो पाकिस्तानचा घेतो, इजिप्तचा घेतो, चीनचा घेतो. बांगलादेशनं तर आपल्या बंद्यांनंतर स्वतःचंच उत्पादन वाढवायला घेतलं. आमचा मलेशियाचा एक गिऱ्हाईक दोन हजार तेवीसनंतर परत आलाच नाही. शुल्क शून्य झालं म्हणून गिऱ्हाईक शून्यातून उगवत नाही.

आणि सप्टेंबर २०२३ ला आम्ही लिलाव बंद ठेवले तर शेतकरी आमच्यावर चिडले. ४० टक्क्यांचा बोजा शेवटी त्यांच्याच भावातून निघणार होता, पण बंदमुळं त्यांचाच माल चाळीत सडला. ते चिडणं बरोबर होतं. एप्रिल २०२४ ला हमाली, तोलाई, वाराईवरून परत बंद. तेव्हाही मधे शेतकरीच.

उळं_डोंगळे

पहिला व्यापारी पाहिला जो "बरोबर होतं" म्हणाला. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

आता सरकारच्या बफर साठ्याची गोष्ट पण सांगा. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांनी केंद्रासाठी २०२५ ला ३ लाख टन घेतला. घेतला कधी? उन्हाळ निघाल्यावर, भाव खाली असताना. सोडला कधी? सप्टेंबरपासून. म्हणजे नेमका आम्ही चाळ फोडायच्या वेळी. आम्ही पाच महिने सडवत, फिरवत, वारा देत सांभाळायचा, आणि दोन रुपये दिसायला लागले की समोरून स्वस्त माल शहरात उतरायचा. नाव काय तर भाव स्थिरीकरण निधी. आमच्याकडं भाव नेहमी खालीच स्थिर होतो.

आकडेमोड

एक बाजू सांगतो. बफर नसता तर ऑक्टोबरमध्ये भाव चढल्यावर थेट बंदीच आली असती. बंदीपेक्षा बफर बरा, एवढंच म्हणेन. पण खरेदी करताना भाव उचलेल इतकी करायची आणि सोडताना भाव पाडेल इतकी सोडायची नाही, हे जमलं तरच 'स्थिरीकरण'. नाहीतर तुमचं बरोबर आहे.

खेरवाडीचा_म्हातारा

बऱ्याच दिवसांनी लिहितो. नातवाकडून टाइप करून घेतोय, चुका त्याच्या.

मी १९८० ला कॉलेजात होतो. शेतकरी संघटनेचे शरद जोशी चाकणहून कांदा घेऊन निघाले ते आमच्या नाशकात ऊस आणि कांदा दोन्ही घेऊन आले. उसाला टनाला ३०० रुपये पाहिजेत ही मागणी. हायवेवर बाया-माणसं बसली, बैलगाड्या आडव्या लावल्या. खेरवाडीला लोक रेल्वे रुळावर उतरले आणि गोळीबार झाला. माणसं गेली. त्या संध्याकाळी गावात चूल पेटली नव्हती, एवढं मला आठवतं. जोशी तेव्हा सांगायचे की शेतकऱ्याला सबसिडी मिळत नाही, उणे सबसिडी मिळते. म्हणजे सरकार एका हातानं खतात देतं आणि दुसऱ्या हातानं भावात त्याच्याहून जास्त काढून घेतं. आम्हाला तेव्हा हे गणित फार अवघड वाटलं होतं. आता नातवाला या धाग्यावरून पाच मिनिटांत कळलं म्हणतो.

पण एक सांगू का. तेव्हा रस्त्यावर बसलेल्यांत गावातले नोकरदार पण होते. मास्तर होते, एसटीतले होते. सुट्टीला आलेला मुंबईचा मिल कामगार शेजारी येऊन बसला होता, कारण त्याच्या बापाचा ऊस होता. आता तुमचे दाजी ताटावर बसून राहिले. दाजींचं मी वाईट म्हणत नाही. त्यांच्या बापाचा ऊस कधी संपला ते बघा.

रांगडा_नाशिककर

बाबा, हे वाचून अंगावर आलं. दाजींच्या वडिलांची जमीन होती, सिन्नर भागात. एमआयडीसीत गेली. त्या पैशावरच ठाण्याचं घर झालं. मला आधी हे डोक्यातच आलं नव्हतं.

सुरगाण्याची_मास्तरीण

सगळ्यांचं वाचलं. एक माणूस अजून आलाच नाही धाग्यात, म्हणून लिहिते.

रांगडा दादांच्या वहीत "लागवड, काढणी, पात कापणं" एका स्वल्पविरामात गेलं. ते करणारी माणसं माझ्या वर्गातल्या मुलांचे आई-बाप आहेत. दिवाळीनंतर आमच्याकडची, पेठची, हरसूलची गावं रिकामी होतात. भाताची कापणी झाली की खाली उतरतात. काहीजण रोज गिरणाऱ्याच्या नाक्यावर उभे राहतात, पिकअप येते, माणसं मोजून घेऊन जाते. काहीजण टोळीनं उक्तं घेतात, एकराचा आकडा ठरवून. मग चार-चार महिने मळ्यात पाल टाकून राहतात. लागवडीला वाकून वाफ्यात रोप टोचायचं, सकाळी आठपासून. काढणीला एप्रिलचं ऊन. बाळ झोळीत, झोळी बाभळीला.

कांदा पडला की माझ्याकडचा मुकादम सांगतो, "मालक म्हणतो यंदा भाव नाही, थोडं थांबा." भाव चढल्यावर कुणी म्हणत नाही, "यंदा भाव आहे, थोडं जास्त घ्या." तुमच्या 'वर जाताना आठवडा, खाली येताना काहीच नाही' याचं हे आमच्याकडचं रूप.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेले त्यांत आमचे लोक खूप होते, वनजमिनीच्या हक्कासाठी. १८० किलोमीटर. पायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मुंबईत लोकांनी रात्री पाणी दिलं, चपला दिल्या, तेव्हा दाजीसारखेच लोक होते ते. म्हणून मी दाजींवर फार रागवत नाही.

रांगडा_नाशिककर

मॅडम, खरंय. आत्ता वही उघडली. "मजुरी" म्हणून एकच रकाना आहे, नाव कुणाचंच नाही. टोळीच्या मुकादमाचा फोन नंबर तेवढा आहे, मागच्या पुठ्ठ्यावर.

पुणेरी_पाहुणा

शहरी असल्यामुळे बावळट प्रश्न विचारतो. सडतोच आहे तर शीतगृहात का ठेवत नाही? आणि लासलगावला किरणोत्सर्गाचं केंद्र आहे ना?

उळं_डोंगळे

बावळट नाही, सगळेच विचारतात. कांदा शीतगृहात राहतो, पण बाहेर काढला की ओल सुटते आणि थोड्याच दिवसांत कोंब फुटतात. बटाट्यासारखं नाही ते. विजेचं बिल वेगळं. गॅमा किरणांचं म्हणाल तर लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' २००२ पासून आहे. किरण दिला की कोंब येत नाही. पण सड थांबत नाही, वजन घटतंच. आणि फार दिवस टिकवायचा तर नुसता किरण देऊन चालत नाही, नंतर गार जागी ठेवावा लागतो. आमचा ट्रॅक्टर तिथं लावून परत चाळीत भरायचा म्हटलं तर हमालीच दुप्पट.

साधी चाळ नीट बांधली, जमिनीपासून उचलली, ढीग फार उंच केला नाही, माल नीट सुकवून भरला, शेवटचं पाणी वेळेत तोडलं आणि युरिया कमी टाकला, तर सड बरीच कमी होते. रांगडा भाऊ, तुमच्याकडं ८५ चे ४५ झाले म्हणजे कुठंतरी घरचीच चूक आहे. शेवटचं पाणी कधी तोडलं होतं?

रांगडा_नाशिककर

विचारलं. म्हणाला, काढणीच्या आधी आठ दिवसांवर पाणी दिलं, फुगवण यावी म्हणून. आणि वळीव आला तेव्हा माल शेतातच ढिगात होता, ताडपत्री एकच होती.

म्हणजे सगळंच सरकारनं सडवलं असं नाही. ठीक आहे. लिहून ठेवलं वहीत.

खळ्यावरचा

आता काय करणार पुढं? ४५ क्विंटल ठेवू नका. खरिपाचा लाल यंदा पावसानं मार खाल्लाय, आवक उशिरा येईल, त्यामुळं अजून थोडे दिवस उन्हाळला विचारतील. पण तुमच्या मालाला कोंब आहेत. मी तुमचा विरोधी पक्ष असूनही सांगतो, काढून टाका.

सातपूर_कॉलनी

आणि दाजींशी बोललात का परत?

रांगडा_नाशिककर

बोललो. फोन केला रविवारी. सिन्नरच्या जमिनीचं विचारलं. गप्पच झाले आधी. मग म्हणाले, कांदा त्यांच्याकडेही व्हायचा, लहानपणी ते चाळीवर चढून ढीग पसरायचे, आणि पायाखाली कांदा फुटला की आजोबा ओरडायचे. अर्धा तास बोलत होते. शेवटी विचारलं, भाऊ अजून चिडलाय का? म्हटलं, तो चिडलेला नव्हताच, त्याला वास येत होता म्हणून उठला.

मग म्हणाले, पुढच्या वर्षी थेट आमच्या सोसायटीत पाठवा, २०० घरं आहेत, २० नं घेतील. मी हो म्हणालो, मग वही घेऊन बसलो. २०० घरं, घरटी ५ किलो, १० क्विंटल. पिकअपचं भाडं, गोण्या सुटायला माणूस, उरलेला माल. एका फेरीला परवडतं. २३० क्विंटलला परवडायला अशा तेवीस सोसायट्या लागतील आणि भावाला शेती सोडून ठाण्यात राहावं लागेल. तरी एक फेरी करून बघणार आहोत. दाजी स्वतः उतरवायला येणार म्हणालेत, बघू.

भाऊ यंदा दोनातला एकच एकर कांदा लावणार, दुसऱ्यात मका. आई म्हणते, मका लावला की पुढच्या वर्षी कांदा ऐंशी होणार, तुमचं असंच असतं.

रांगडा_नाशिककर

चाळ रिकामी केली काल. निवडून ४१ क्विंटल भरला. आज विंचूरला नेला. ११४० नं गेला.

खळ्यावरचा

कोंब असूनही ११४०? कुणी घेतला? बरं, पट्टीवर हमाली-तोलाई किती कापली ते बघा आधी.

रांगडा_नाशिककर

बघतोय. पट्टी भावाच्या खिशात आहे, तो अजून गाडीतून उतरला नाही.